रोडगा हसेपर्यंत

थंडी पडली की आमच्या गल्लीत एखाद्या संध्याकाळी गोवऱ्यांचा धूर येतो. आधी कडवट, डोळ्यांत पाणी आणणारा आणि मग हळूहळू नुसताच ऊबदार. सून खिडकी लावायला येते, तिला मी म्हणते, राहू दे गं जरा वेळ. शेजारच्या गच्चीवर रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे कणकेचे गोळे, लागलेले असतात. लोखंडी घमेलं, बाजारातून आणलेल्या एका मापाच्या गोवऱ्या, गाणी, हसणं, कुणाचं तरी “अरे जळले, जळले!” मी खुर्ची खिडकीशी ओढते आणि डोळे मिटते. अमरावती पुसट होते आणि पूर्णेचा काठ दिसू लागतो.

परवा शेजारची नवी सून ताटली घेऊन आली. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, तुपात बुडालेले दोन रोडगे. मोठ्या आशेनं विचारलं तिनं, “कसे झालेत, आजी?” मी एक उलटा करून अंगठ्यानं दाबला. मोडला, तोंडात घातला. म्हटलं, “खालून कच्चा आहे.” पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती गेल्यावर आमच्या सूनबाईंनी मला फैलावर घेतलं. “आई, ‘छान झालाय’ म्हणायला काय जातं हो तुमचं?”

तसं काहीच जात नाही. पण ‘छान झालाय’ या दोन शब्दांची मला अकराव्या वर्षापासून धास्ती आहे. हे तिला कसं सांगावं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचे वडील, नाना, गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायचे. सरकारी कागदावर त्यांच्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. खेड्यांतून त्यांना नुसतं ‘देवीडाक्तर’ म्हणत. टोचण्याचा हंगाम थंडीचा. दिवाळी आटोपली की ते निघायचे ते शिमग्याच्या सुमाराला परतायचे. या फिरतीला ते मोठ्या ऐटीत ‘कॅम्प’ म्हणत. साहेबाच्या कॅम्पात तंबू, खानसामा, घोडे. आमच्या नानांच्या कॅम्पात एक रेंगी, म्हणजे दोन माणसं कशीबशी बसतील अशी हलकी बैलगाडी, एक हत्यारांची पेटी, एक रजिस्टर आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या.

दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या दशम्या प्रवासात चालायच्या, सोवळ्याला बाध येत नसे. नाना भिक्षुकाच्या घरातले. परक्याच्या हातचं खायचं नाही हा त्यांचा नेम आणि तो आईच्या दशम्यांवर इतकी वर्षं सुखानं चालला होता. त्या वर्षी कार्तिकात आई तापानं गेली. तेरावं झालं तेव्हा हंगाम दारात उभा होता.

धामणगाव रेल्वेहून भाऊमामा आले होते. ते नानांना म्हणाले, “पोरीला मी घेऊन जातो. बाईमाणसाशिवाय तुम्ही तिचं काय करणार?” नाना म्हणाले, “संक्रांतीपर्यंत राहू द्या माझ्याजवळ. कॅम्पावर नेतो. दोन घास शिजवून घालता आले तिला तर बघू. नाहीतर मूर्तिजापूरच्या स्टेशनावर तुमच्या स्वाधीन करतो.” हे मी दाराआडून ऐकलं. आई गेली होती, आता नाना तेवढे उरले होते आणि तेही माझ्या दोन घासांवर. मला तर धड पोळी लाटता येत नव्हती. आई म्हणायची, शिकेल सावकाश, काय घाई आहे.

त्या थंडीचा विचार केला की पहिल्यांदा आठवतो तो कापूस. शेतातला नव्हे, वाटेवरचा. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे जाताना बाभळींना घासत जायच्या आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकून राहायचे. सकाळच्या धुक्यात ती काटेरी झाडं फुलल्यासारखी दिसायची. मी रेंगीतून हात काढून पुंजके ओढून घ्यायची आणि मुठीत दाबून धरायची, कारण त्यांना जराशी ऊब असायची. कदाचित ती माझ्या मुठीचीच असेल. खाली काळ्या मातीत चाकं मऊ आवाज करत जायची, तुरीच्या शेंगांचा हिरवा वास यायचा आणि नाना पुढच्या गावातल्या पोरांची यादी पुटपुटत असायचे.

गाडी हाकायचे रहमानचाचा. हंगामापुरती नानांनी त्यांची रेंगी ठरवलेली असे. दाढीला मेंदी, जिभेला धार. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. त्यांचे तळवे बैलांच्या कासऱ्यांनी इतके घट्ट झाले होते की चिलमीसाठी ते इस्तव, म्हणजे पेटता निखारा, बोटांनी उचलायचे, चिमट्याबिमट्याशिवाय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाच हात मागे गेला होता.

सामान जेमतेम. आईची परात, एक तांब्या, एक चिमटा, जाडसर दळलेल्या कणकेची पिशवी, तेलाची बाटली, ओव्याची पुरचुंडी. तवा नव्हता. नाना म्हणाले, तवा आला की चूल आली, चूल आली की कुणी हाताळलेले दगड आले. “रोडगे कर. थेट गोवरीत भाजलेलं चालतं. अग्नीला विटाळ नाही.” आता मला रोडगे येत नव्हते, नानांना येत नव्हते. आख्ख्या कॅम्पात ते फक्त रहमानचाचांना येत होते आणि त्यांनी कणकेला हात लावायचा नाही, असा नानांचा दंडक होता.

मग चाचांनी मला लांबून शिकवलं. ते गाडीच्या जुवावर बसायचे, मी दहा हातांवर परात घेऊन. हातात त्यांची पराणी, बैलांना टोचायची ती टोकदार काठी. तिनं ते दाखवत राहायचे, हवेतल्या हवेत. “पानी कमी. अवो कमी म्हन्तो ना! घट्ट तिंबा. अजून. मुठीनं हाना, ते काही रडत नाई.” एवढ्याशा पोरीला ते ‘अवो कुसुमबाई’ म्हणायचे आणि मग तोंडभर रागवायचे.

पहिल्याच गावात मी जी चूक केली ती सोवळ्यातल्या घरच्या पोरीलाच सुचावी. एका कुणब्याच्या घरून टोपलंभर गोवऱ्या मिळाल्या. चाचा बैलांना पाण्यावर घेऊन गेले होते. मी आईला सोवळ्याच्या दिवशी जळणाची लाकडं धुऊन घेताना पाहिलं होतं. गोवऱ्याही परक्या घरच्या. मी त्या एकेक करून नदीत बुडवल्या आणि काठावर मांडल्या, मोठ्या मनोभावे. चाचा परतले आणि जागच्या जागी उभे राहिले.

“काय करून राहिली वो? गवऱ्या धुवून राहिली? बाप्पा! इस्तवाले आंघोळ घालतं काय आता?”

दुपारपर्यंत नुसता धूर निघत होता. रोडगे बाहेरून कोळसा, आतून कणीक. नाना पोरं टोचून आले, पळसाच्या पानावर बसले आणि तो लगदा त्यांनी पूर्ण संपवला. “छान झालाय, कुसुम,” म्हणाले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी एक रोडगा वरूनच चाचांच्या शेल्यात टाकला. त्यांनी एक घास चावला आणि बाजूला थुंकला. “कच्चा हाये. बैल नाई खायचा.” आणि खरोखरच त्यांनी तो रेंगीच्या मोऱ्या बैलापुढे धरला. मोऱ्यानं वास घेऊन तोंड फिरवलं. त्या दिवशी मला त्या बैलाचाही राग आला. दुसऱ्या दिवशी नानांनी माझ्याकडून दोनदा ओवा मागून घेतला. पण पोटाचं नाव काढलं नाही.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारं पाणी. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आक्रसते. मला कुठे ठाऊक! आई घालायची तेवढं मीठ मी घातलं. नाना त्याही दिवशी म्हणाले, छान झालाय आणि तांब्याभर पाणी प्यायले, तेही खारंच. चाचांनी कपाळाला हात लावला. “अवो, पानी चाखून पाह्य आधी, मंग मीठ टाक. हरेक गावचं पानी अलग, हरेक गावचं मीठ अलग.” तेव्हापासून नव्या गावात उतरलं की पहिलं काम म्हणजे विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं. पुढे संसार केला, बदल्यांमागे गावं बदलली, प्रत्येक नव्या घरात पहिल्या दिवशी मी तेच केलं. यजमान हसायचे.

नाना पोरं टोचायचे तेव्हा मी कधीकधी रजिस्टर धरून उभी असायची. देवळाच्या ओट्यावर आया पोरं पदराआड लपवून बसलेल्या. नानांच्या हातात हत्यार आणि आवाजात मध. “काही नाही रे राजा, मुंगी चावते तेवढंच. संपलंसुद्धा. छान, छान!” पोर भोकाड पसरायचं. आठ दिवसांनी परत त्या गावी जाऊन फोड उठलाय का ते पाहायचं. उठला तर टोचणं लागलं. एकदा असाच तो ‘छान, छान’ ऐकताना मी रजिस्टरातून मान वर केली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. याच आवाजात ते माझे कच्चे रोडगे खात होते.

मी चाचांना विचारलं. दुसरं कोण होतं विचारायला? म्हटलं, “नाना रोज छान म्हणतात आणि तुम्ही रोज नावं ठेवता. खरं काय?”

चाचा चिलीम भरत होते. मान वर न करता बोलले, “तुहा बाप गोड बोलते. मी खरं बोलतो. त्याले तुले सोडाचं हाये, पोरी. मले तुले शिकवाचं हाये.”

मी रेंगीच्या मागे जाऊन रडले. ते मला समजवायला आले नाहीत. जरा वेळानं नुसतं ओरडले, “कनीक सुकून राहिली!”

मध्ये एका आमराईत साहेबाचा कॅम्प लागला होता. पांढरे तंबू, दोऱ्यांवर वाळणारे टॉवेल आणि कुठून तरी गोडसर, फुगीर असा वास. खानसामा पत्र्याच्या पेटीत पाव भाजत होता. चाचांची त्याची जुनी ओळख निघाली. ते तिथे उकिडवे बसून सगळं पाहून आले आणि मला येऊन सांगितलं, “पेटीच्या खालीबी इस्तो, वरतीबी इस्तो. साहेबाचा पाव असो का आपला रोडगा, वरूनबी लागते त्याले.” त्या दिवसापासून मी रोडगे निखाऱ्यांवर ठेवून वर गरम राखेची दुलई घालू लागले. साहेबाचा पाव मी कधी चाखला नाही. त्याला धुराचा वास नव्हता, म्हणून तो जरा बिचारा वाटला होता एवढं आठवतं.

आणि मग एका दुपारी ते जमलं. धूर पूर्ण निघून गेला होता, गोवऱ्या लालभडक होऊन वर राखेचा पातळ पापुद्रा आला होता. मी रोडगे मांडले, फिरवले, झाकले. “घाई नको करू,” चाचा लांबून म्हणाले. “त्याले हसू दे.” मी वाट पाहत बसले. नदीच्या पलीकडे कुणीतरी गुरांना हाका घालत होतं, ऊन पाठीवर होतं, डोळे जड झाले होते. राख बाजूला केली तर एका रोडग्याच्या माथ्यावर चीर पडली होती, वाकडी, ओठांसारखी. मग दुसऱ्याच्या. मी राख झटकली, मोडला, आतून वाफ आली आणि त्या वाफेला आईच्या हाताचा वास होता. कणकेचा, ओव्याचा, उन्हात वाळलेल्या लुगड्याचा. आई गेल्यापासून ती मला पहिल्यांदा इतक्या जवळ वाटली. मी तशीच तो अर्धा रोडगा नाकाशी धरून बसून राहिले.

चाचांनी घास चावला. थुंकले नाहीत. “ठीक हाये,” म्हणाले. मोऱ्यानंही खाल्ला. नाना आले, खाल्ला आणि म्हणाले, “छान झालाय.” त्याच आवाजात. कच्च्याला तेच, भाजलेल्याला तेच. मला वाटलं, नानांना काही चवच लागत नाहीये. ते माझ्याकडे पाहतात आणि त्यांना मूर्तिजापूरचं स्टेशन दिसतं.

त्यानंतरची गावं माझ्या आठवणीत एकात एक मिसळून गेली आहेत. एका नाल्यात गाडी मागे उलार झाली आणि चिमटा वाहून गेला. मी बाभळीच्या दोन काटक्यांनी रोडगे फिरवायला शिकले. रोज एखादा नीट जमे, एखादा फसे. संक्रांत जवळ येत होती. शेतांतून तिळाचा विषय निघू लागला, बाया देवळाच्या ओट्यावर वाणाचं बोलू लागल्या. नानांना विचारायचं माझ्या ओठांवर रोज येई आणि रोज मी ते गिळून टाकी. विचारलं आणि त्यांनी ‘मुंगी चावते तेवढंच’ म्हटलं तर काय, ही भीती.

भोगीच्या दिवशी आम्ही मूर्तिजापूरला पोचलो. स्टेशनापासून थोड्या अंतरावर चिंचेखाली रेंगी सोडली. नाना मामांना आणायला स्टेशनावर गेले. मी त्या दिवशी जितक्या निगुतीनं कणीक तिंबली तितकी आयुष्यात पुन्हा कधी तिंबली नसेन. पाणी चाखलं, मीठ बेतानं घातलं, गोवऱ्या रचल्या, धूर जाऊ दिला. रोडगे मांडले. गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मी मान वळवून स्टेशनाकडे पाहिलं. काटकी निखाऱ्यात जळून मोडली, एक रोडगा सरळ ज्वाळेत घरंगळला आणि तो वाचवायला मी हात घातला.

बोटं भाजली. मी हात मांडीखाली दाबून धरला आणि रोडग्यांकडे पाहत राहिले. ते आत्ता, या क्षणी फिरवायला हवे होते. चाचा धावत आले आणि दहा हातांवर थबकले. सवयीनं.

“चाचा, फिरवा ना,” मी म्हटलं.

“तुहा बाप खानार नाई मंग.”

“जळतील.”

त्यांनी एकदा स्टेशनाच्या वाटेकडे पाहिलं. मग अंतर ओलांडून आले, निखाऱ्यांपाशी बसले आणि त्या घट्ट झालेल्या बोटांनी एकेक रोडगा उचलून फिरवू लागले. कान देऊन काही ऐकत असल्यासारखे, मन लावून. महिनाभर जे त्यांनी हवेत काठीनं दाखवलं होतं ते त्यांचे हात आता करत होते. ते इतकं सुंदर होतं की मी बोटांची आग विसरले. आम्ही दोघंही इतके गुंगलो की नाना आणि मामा पाठीशी येऊन उभे राहिलेले कळलंच नाही.

चाचा उठले आणि मागे सरले. “साब, पोरीचा हात भाजला. म्या हात लावला. टाकून देतो.”

“टाकूनच दे,” मामा म्हणाले. त्यांनी हातातली पिशवी पुढे केली. “हिच्या मामीनं दशम्या दिल्यात. दुधातल्या. बसा, खाऊन घ्या, परतीच्या गाडीला तासभर आहे. कुसुम, तुझं गाठोडं कुठे आहे?”

नानांनी माझा हात उलटा करून पाहिला. दशम्यांबरोबर आलेलं तूप मागून घेतलं, बोटांना लावलं. मग दशम्यांच्या पिशवीकडे पाहिलं. त्या पिशवीतून येणारा वास मलाही ओळखू येत होता. इतकी वर्षं ते त्याच वासावर फिरती करत आले होते.  पाय धुतले, चिंचेखाली नेहमीसारखे मांडी घालून बसले आणि स्वतःच वाकून निखाऱ्यांतून एक रोडगा काढला. राख झटकली. उलटा केला. अंगठ्यानं दाबला. मोडला आणि तोंडात घातला.

मामा दुसरीकडे पाहू लागले. चाचा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि तो हात हलत नव्हता.

नाना चावत राहिले. खूप वेळ. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. कॅम्पावर निघाल्यापासून मी ती पहिल्यांदा पाहत होते.

“खालून कच्चा आहे,” ते म्हणाले.



“गोवऱ्या कमी पडल्या. उद्या चार जास्त घ्या. आणि घाई करू नका. दोघंही.”

मामांनी विचारलं, “उद्या?” नानांनी दुसरा घास मोडला आणि होकाराची मान हलवली. टोचलेल्या पोरांचे फोड बघायला परत फिरायचं आहे म्हणाले.  चाचांनी मोऱ्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि कासरा उगाच सोडून पुन्हा बांधला.

परतीच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी स्टेशनावर नव्हते. तुपानं माखलेला हात छातीशी धरून, दुसऱ्या हातात टोपलं घेऊन, मी वस्तीतल्या पहिल्या घराच्या दाराशी उभी होते. उद्याच्या गोवऱ्या मागत होते. चार जास्त. आणि त्या मी धुतल्या नाहीत.